नाकाबंदीत बाईक अडवली तर काय करायचं: मॉडिफिकेशन, कागदपत्रं आणि चलन, नाशिककर बायकरसाठी पायरीपायरीने

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री पावणेबाराच्या सुमारास घरी चाललो होतो. शहरातल्या एका चौकात बॅरिकेड लावलेले, हात आडवा आला, मी गाडी बाजूला घेतली. माझी साडेतीनशेची बुलेट आहे, सायलेन्सर कंपनीचाच, त्याला आजवर पाना लावलेला नाही. साहेबांनी लांबूनच सांगितलं, "आवाज मोठाय, सायलेन्सर बदललेला आहे, पावती करावी लागेल." मी म्हटलं साहेब कंपनीचाच आहे, ते म्हणाले सगळे असंच म्हणतात. मग मी खाली उकिडवा बसलो, मोबाईलचा टॉर्च लावला, सायलेन्सरच्या चाकाकडच्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला तो खिशातल्या फडक्याने खरवडून काढला, तेव्हा कुठं कंपनीचं नाव आणि खाली ठोकलेला नंबर दिसला. साहेब वाकले, बघितलं आणि म्हणाले जा. वीस मिनिटं गेली. माझ्या बाजूला अजून एक पोरगा उभा होता, त्याने तोवर पैसे भरून पण टाकले होते, त्याला विचारलं कशाचं चलन झालं रे, तर म्हणे माहीत नाही दादा, म्हटले भर, भरलं.

ते "माहीत नाही" मला जास्त लागलं. नाकाबंदीत उभं राहायचा राग सगळ्यांनाच येतो आणि तो खोटा नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला चोरासारखं बाजूला घ्यायचं, चावीला हात घालायचा, एकेरीत बोलायचं, कुणाला आवडेल? पण इतक्या वर्षांत मी हे बघितलंय की रस्त्यावर हुज्जत घालून कुणाचं भलं झालं नाही, आणि मान खाली घालून पैसे भरून पण झालं नाही. आपल्या गाडीचा कुठला पार्ट कुठल्या नियमात बसतो हे पक्कं माहीत असलं की निम्मी भांडणं तिथंच मिटतात, उरलेली कागदावर लढायची. म्हणून हे सगळं एकत्र लिहून काढतोय, पार्किंगमध्ये गाडीजवळ उभं राहून वाचा, जास्त उपयोग होईल.

पायरी १: आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) हातात घ्या आणि गाडीभोवती एक चक्कर मारा

मॉडिफिकेशनचा मूळ नियम म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, तिच्यात आणि रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळच्या एका केसमध्ये जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलं, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि हा दंड प्रत्येक बदलासाठी वेगळा आहे. म्हणजे तीन पार्ट बदलले तर तीनदा. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, त्यांना वाटतं एक पावती फाडली की विषय संपला.

आता आरसीवर काय काय असतं ते बघा: इंजिन नंबर, चॅसिस नंबर, रंग, सीसी, इंधन, किती माणसं बसणार, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर), रिकाम्या गाडीचं वजन. यातल्या कशालाही हात लागला की ते परवानगीशिवाय करायचं काम नाही. जुन्या बुलेटची कॅफे रेसर करताना मागची सीट कापून सिंगल सीट करतात, तिथं आसनसंख्या बदलली. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांब केला, व्हीलबेस बदलला. इंजिनचा बोअर (पिस्टनची पोकळी) वाढवून मोठा पिस्टन टाकला, सीसी बदलली. टाकीला मिलिटरी हिरवा मारला आणि आरसीवर काळा आहे, रंग बदलला. गाडी दिसायला झकास होते, मला पण आवडते, पण कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी दोन वेगळ्या झाल्या, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले क्लेम अडवायला हेच कारण पुढे करतात. चलनापेक्षा तो फटका कितीतरी मोठा बसतो.

रंग बदलायचाच असेल तर रस्ता आहे. परिवहनच्या साईटवर वाहनात बदल करायचा अर्ज असतो, फी भरायची, पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायची, आरसीवर नवीन रंग चढतो. गाडीवर लोन असेल तर बँकेची किंवा फायनान्सवाल्याची लेखी संमती आधी घ्या, ते पण कलम ५२ मध्येच लिहिलंय. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मॉडेलचं दुसरं टाकलं तरी त्याची नोंद करावी लागते, गॅरेजवाला म्हणेल काही गरज नाही, पण नंबर जुळला नाही की गाडी चोरीची आहे का इथपासून प्रश्न सुरू होतात. दिव्यांग बांधवांसाठी बाजूची चाकं बसवायची सोय कायद्यात आहे, तिची पण आरसीवर नोंद लागते.

पायरी २: सायलेन्सर, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथंच

बदलून बसवलेल्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला इंदोरी म्हणा, पंजाबी म्हणा, फटाका म्हणा, नावं बरीच आहेत. आवाजाची मर्यादा गाडी बनवतानाच ठरलेली असते: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि १७५ च्या वर ८०. बुलेट असो की मोठी केटीएम की डॉमिनार, सगळ्या या शेवटच्या ८० मध्ये येतात. हे मोजमाप ठरलेल्या टेस्टचं आहे, मोकळ्या जागेत साडेसात मीटर अंतरावर माईक ठेवून गाडी रेस करत पुढून न्यायची असते. त्यामुळे चौकात कुणी मोबाईलमधलं ॲप सायलेन्सरच्या तोंडाशी धरून "बघ, शंभर दाखवतंय" म्हटलं तर ती टेस्ट नव्हे, हे शांतपणे सांगता येतं. पण हेही खरं की ज्याने सायलेन्सर बदललाय त्याला डेसिबलचा वाद घालून सुटता येत नाही, कारण पार्ट बदलला हाच गुन्हा आधी झाला.

यात कलमं तीन लागू शकतात, आणि चलनावर कुठलं लिहिलंय ते बघणं फार महत्त्वाचं आहे. एक १८२अ (४), ते वर सांगितलं. दुसरं १९० (२), आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवणं, त्यात पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. तिसरं १९४फ, सायलेन्सर टाळून धूर बाहेर काढणारा कटआउट लावला असेल तर पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,०००, कारण नसताना हॉर्न वाजवणारे पण याच कलमात येतात. तिन्हीत किती फरक आहे बघा. हे आकडे कायद्यात लिहिलेले आहेत, जागेवर भरायची जी तडजोड रक्कम असते ती राज्य सरकार ठरवतं आणि ती चलनावर छापून येते, तोंडी सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

ज्यांचा सायलेन्सर कंपनीचा आहे त्यांनी आजच एक काम करा. त्याच्यावर ठोकलेला नंबर शोधा, बहुतेक वेळा तो आतल्या किंवा खालच्या बाजूला असतो आणि चिखलाने झाकलेला असतो. घासून साफ करा, दिवसा उजेडात एक फोटो काढून ठेवा, सर्व्हिस सेंटरमधून कधी सायलेन्सर बदलून घेतला असेल तर त्याचं बिल जपून ठेवा. मी त्या रात्रीपासून दर रविवारी गाडी धुताना आधी तेवढी जागा पुसतो. आणि ज्यांनी बदललाय त्यांना हात जोडून सांगतो, जुना कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. गाडी जप्त झाली तर मूळ सायलेन्सर बसवल्याशिवाय ती बाहेर काढताना नाकी नऊ येतात, आणि नवीन घ्यायला गेलं तर किंमत ऐकून डोळे पांढरे होतात.

मला खरा राग कशाचा येतो सांगू का, हे सायलेन्सर उघड्यावर विकले जातात, दुकानासमोर फुटपाथवर बसवून पण देतात, आणि पकडला जातो तो अठरा-वीस वर्षांचा पोरगा. कायद्यात विकणाऱ्याची बाजू नाही असं मुळीच नाही, त्याच १८२अ च्या पहिल्या पोटकलमात नियम मोडून गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड लिहिलाय. रोडरोलरखाली सायलेन्सर चिरडल्याचे फोटो पेपरात येतात, ते बघून बरं वाटतं, पण जिथून ते निघाले ते शटर दुसऱ्या दिवशी परत वर जातं. तक्रार करताना विकणाऱ्यावर कारवाईची मागणी आपणच करायला पाहिजे.

आणि एक विनंती आहे, बायकर म्हणून नाही, शहरातला माणूस म्हणून. त्र्यंबक रोडला आपलं सिव्हिल हॉस्पिटल आहे, हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. माझे वडील अकरा दिवस ॲडमिट होते, रात्री खालून फटाका गेला की झोपेतून दचकून उठायचे आणि हाताची सुई सरकायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून माझ्या ग्रुपमध्ये त्या सायलेन्सरची बाजू मी घेत नाही.

पायरी ३: नंबर प्लेट

८०५५ चं "बॉस", ४१४१ चं "दादा", २१४ चं "राम", हे सगळं आपल्याकडं हौसेने चालतं आणि नाकाबंदीत सगळ्यात आधी नजरेत भरतं. आकडे आणि अक्षरांची मापं ठरलेली आहेत. पुढच्या प्लेटवर ३० मिलिमीटर उंची, मागे अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर. अक्षरं इंग्रजी, आकडे पण इंग्रजीच, तिरके नाहीत, नक्षी नाही. मराठी आकड्यांची प्लेट लावावी असं मनापासून वाटणारे आपल्यात खूप आहेत, मलाही वाटतं, पण केंद्राच्या नियम ५० प्रमाणे ती चालत नाही आणि साहेबांशी त्यावर वाद घालून उपयोग नाही, ते केंद्राचा नियम बदलू शकत नाहीत.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा नंबर प्लेट) शोरूममधूनच आलेली असते. त्याआधीच्या गाडीला ती आपण बसवायची, बुकिंग परिवहन विभागाच्या साईटवरूनच करा, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. नाक्यावर दोनशे रुपयात तशीच दिसणारी प्लेट करून देणारे आहेत, तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला दहा अंकी नंबर खरा नसतो, आणि तो नंबर गाडीच्या रेकॉर्डशी जोडलेला असतो हे लक्षात ठेवा. टेल टायडी (मागची प्लेट बसवायची छोटी पट्टी) लावून प्लेट आत वळवली, मडगार्डखाली लपवली, तर खरी एचएसआरपी असूनही चलन होतं कारण वाचताच येत नाही.

पायरी ४: बाकीचे छोटे पार्ट

आरसे काढून टाकणारे मला कधीच समजले नाहीत. द्वारका सर्कलला मागून ट्रक कधी अंगावर येईल सांगता येत नाही, तिथं आरसा काढून मान वळवत बसायचं? दोन्ही आरसे लावा, विषय संपला. इंडिकेटर कंपनीचे असू द्या.

साडीगार्डचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते काढलं तर दंड असतो हे ऐकून लोक हसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकेल असं संरक्षण पाहिजे, कपडा चाकात जाऊ नये म्हणून. ओढणी चाकात जाऊन बाई पडल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी वाचतो आपण. लुकसाठी ते काढू नका, घरातलंच कुणीतरी मागे बसणार असतं.

लाईटच्या बाबतीत पुढे लाल किंवा निळा दिवा नको, फ्लॅशर नको. फॉग लाईट लावायचे तर दोन, खाली झुकवलेले, आणि शहरात शिरलं की बंद. कसारा घाटात धुक्यात ते देवासारखे वाटतात, पण कॉलेज रोडला समोरच्याचे डोळे दिपतात. हॉर्न एका आवाजाचा, वेगवेगळे सूर काढणारा किंवा कानठळ्या बसवणारा चालत नाही.

मोबाईल होल्डर, सॅडल बॅग, टँक पॅड, सीट कव्हर, कंपनीचा लेगगार्ड, कंपनीच्या ॲक्सेसरीमधलं विंडशील्ड, यात गाडीची नोंद बदलत नाही, ही निर्धास्त वापरा. बिल मात्र ठेवा. टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचाच घ्या, जाड टायर दिसतो भारी पण गाडी वळणावर वेगळी वागते.

पायरी ५: कागद मोबाईलमध्ये, पण नीट

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. चारही डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये उतरवून घ्या. नियम १३९ मध्ये दुरुस्ती होऊन इलेक्ट्रॉनिक कागद चालतात हे स्पष्ट झालेलं आहे, डिजिलॉकरमधला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा. पण गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ म्हणजे डिजिलॉकर नाही, इथं लोक फसतात आणि मग म्हणतात पोलीस डिजिटल कागद मानत नाहीत. त्र्यंबकच्या पुढे घाटात रेंज जाते, म्हणून निघायच्या आधीच ॲप उघडून कागद डाऊनलोड करून ठेवा.

पीयूसी बीएस ४ आणि बीएस ६ (धुराच्या नव्या मानकांच्या) गाडीला वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीला सहा महिने. नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा २,०००, दुसऱ्यांदा ४,०००, आणि लायसन्स नसताना चालवली तर ५,०००. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. क्लासला जायला गाडी देणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हा आकडा ऐकून ठेवावा.

हेल्मेटवर आयएसआय मार्क बघा, १ जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. नाशिकला २०२१ च्या १५ ऑगस्टला "नो हेल्मेट नो पेट्रोल" सुरू झालं होतं, तेव्हा पंपावर एकमेकांचं हेल्मेट मागून पेट्रोल भरणारे मी बघितलेत. कुणाला काय सांगायचं, डोकं प्रत्येकाचं आपापलं. मागे बसणाऱ्याला पण लागतं, चार वर्षांवरच्या मुलाला पण.

पायरी ६: प्रत्यक्ष अडवलं तेव्हा

आधी कोण अडवतंय ते ओळखा. शहरात आयुक्तालयाची वाहतूक शाखा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरीकडे गेलात की नाशिक ग्रामीण पोलीस, हायवेला महामार्ग पोलीस आणि आरटीओचं वायुवेग पथक ते आणखी वेगळं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर कुठल्या दारात जायचं ते यावर ठरतं.

हात दिसला की थांबा, पळू नका, गल्लीत घालू नका. पळताना पडून हातपाय मोडलेले दोघं माझ्या ओळखीचे आहेत, आणि दोघांकडे कागद पूर्ण होते. गाडी डाव्या बाजूला घ्या, इंजिन बंद, हेल्मेटची काच वर, आणि चावी स्वतःच काढून खिशात टाका. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतो. चावी काढून घ्यायचा अधिकार कायद्यात कुठंही लिहिलेला नाही, पण चालू गाडीत चावी दिसली की हात जातो आणि मग तिथून झटापट सुरू होते. चावी खिशात असली की ती वेळच येत नाही.

मग बोलायचं. "साहेब" म्हणून सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही, उन्हात आठ-दहा तास धूळ खात उभा असलेला माणूस आहे तो. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवणं कलम १३० प्रमाणे आपलं कर्तव्य आहे, त्यावर वाद घालू नका. कागद दाखवा आणि मग विचारा, "साहेब, कशाचं चलन करताय, कुठलं कलम?" एवढा एकच प्रश्न, आवाज न चढवता. छातीवरची नेमप्लेट बघून नाव लक्षात ठेवा. "ओळखतोस का मी कोण आहे" किंवा "अमुक नगरसेवक आपला माणूस आहे" हे चुकूनही तोंडातून येऊ देऊ नका, आणि अंगाला हात लावायचा तर विचारपण नको, भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) कलम १३२ लागलं की दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पाचशे रुपयांच्या चलनातून पोराचं सगळं करिअर अडकतं. पासपोर्ट, नोकरीचं व्हेरिफिकेशन सगळं.

चूक खरंच आपली असेल तर मान्य करून इ-चलान घ्या आणि निघा. पैसे द्यायचे तर मशीनमधून निघालेल्या चलनावरच द्या. कुणी पावतीशिवाय "इथंच मिटवू" म्हटलं तर नम्रपणे सांगा, साहेब चलनच करा, मी ऑनलाईन भरतो. लाचेची उघड मागणी झाली तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. पण आपणच शंभराची नोट पुढे करायची आणि नंतर ग्रुपवर पोलिसांना शिव्या घालायच्या, हे बंद करू या.

लायसन्स ठेवून घेतलं तर तात्पुरती पोच मागा. कलम २०६ प्रमाणे ती द्यावीच लागते आणि तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. गाडीच जमा केली तर कुठल्या कलमाखाली, कुठल्या ठाण्यात, हे लिहून घ्या, आणि तिथंच चारही बाजूंनी फोटो काढा, मीटर रीडिंग, टाकी, आरसे, पेट्रोल किती आहे ते, सगळं. महिनाभराने गाडी घ्यायला गेल्यावर आरसा तुटलेला निघतो आणि तेव्हा आपल्याकडं काही पुरावा नसतो.

पायरी ७: चलन चुकीचं असेल तर

माझ्या धाकट्या भावाला एक चलन आलं, विना हेल्मेट, फोटो उघडला तर पांढरी स्कूटी. त्याच्याकडं काळी पल्सर. त्या स्कूटीच्या नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला गेला होता, ८ चा ३ झाला होता. तो म्हणाला जाऊ दे दादा, पाचशेसाठी कोण फिरणार, भरून टाकू. मी भरू दिलं नाही. एकदा भरलं की चूक कबूल केल्यासारखं होतं आणि हेल्मेटच्या कलमात लायसन्सवर पण गदा येते.

काय केलं ते सांगतो. महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या ॲपमध्ये चलन नंबर टाकून फोटोचा स्क्रीनशॉट घेतला, तारीख, वेळ आणि जागा दिसेल असा. गाडीचा पुढून-मागून फोटो काढला, आरसी जोडली. ॲपमध्येच तक्रारीचा पर्याय आहे, तिथं चार ओळीत लिहिलं: चलनातल्या फोटोत स्कूटर आहे, माझी मोटारसायकल आहे, नंबर चुकीचा वाचला आहे, चलन रद्द करावं. रडगाणं नाही, आरोप नाही. त्या वेळी तो शिफ्टवर होता म्हणून हजेरीचा कागद पण लावला. नंतर एकदा वाहतूक शाखेत जाऊन त्याची प्रिंट दाखवली. चलन निघून गेलं. दोन चकरा पडल्या, राग आला, पण निघालं.

सायलेन्सरच्या चुकीच्या चलनाला पण हीच रीत. ठोकलेल्या नंबरचा फोटो, गाडीचा फोटो, आणि शक्य असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून सायलेन्सर मूळचाच आहे असं लेटरहेडवर लिहून घ्या. फोटोवरून केलेल्या चलनात गुन्ह्याचा फोटो नीट दिसायला पाहिजे. खाजगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलन टाकायचं नाही असे आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ मध्ये काढलेत, ते पण तक्रारीत लिहा. कॅमेऱ्याने केलेल्या चलनाची सूचना १५ दिवसांच्या आत यायला हवी असा केंद्राचा नियम १६७अ आहे. जुनं चलन अचानक उगवलं तर ही तारीख आधी तपासा.

तक्रार फेटाळली तर विषय सोडून देऊ नका. कोर्टात म्हणणं मांडता येतं. लोकअदालतीची नोटीस आली तर जा, मात्र तिथं तडजोड होते, चूक नसताना तडजोड करायची का हे घरून ठरवून निघा. वागणुकीची तक्रार असेल, शिवीगाळ झाली असेल, तर ती चलनाच्या तक्रारीत मिसळू नका, वेगळा अर्ज करा. शहरातली असेल तर पोलीस आयुक्त कार्यालयात, ग्रामीणची असेल तर पोलीस अधीक्षकांकडे, किंवा आपले सरकार पोर्टलवर. तारीख, वेळ, चौक, नेमप्लेटवरचं नाव, घडलं ते जसंच्या तसं, आणि अर्जावर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

पायरी ८: सेकंड हँड गाडी घेताना

हे वरच्या सगळ्याइतकंच महत्त्वाचं, कारण जुन्या मालकाची हौस नवीन मालकाच्या गळ्यात येते. एमएच १५ असो की मालेगावची एमएच ४१, पैसे द्यायच्या आधी महाट्रॅफिक आणि परिवहन दोन्हीकडे गाडीचा नंबर टाकून पेंडिंग चलनं बघा, पोलिसांची एकीकडे आणि आरटीओची दुसरीकडे असं होऊ शकतं. आरसी उघडून रंग जुळवा, चॅसिस नंबर स्वतः बोट फिरवून वाचा, इंजिन नंबर वाचा, खाली वाकून सायलेन्सरवरचा नंबर बघा. सायलेन्सर बदललेला असेल तर व्यवहाराच्या वेळीच मूळचा मागून घ्या, "घरी पडलाय, नंतर देतो" असं म्हणणाऱ्याकडून तो नंतर कधीच येत नाही. चलनं त्यानेच भरायची आणि पावत्या दाखवल्यावरच टोकन द्यायचं. मी माझी बुलेट घेतली तेव्हा तिच्यावर चार चलनं निघाली होती, विकणाऱ्याने ती माझ्यासमोर बसून भरली, मग मी पैसे मोजले.